देखण्या खेळाचे कष्ट

५ जुलै १९८२. बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर ब्राझील आणि इटली यांच्यातल्या विश्वचषक फुटबॉल सामन्याचं ६८वं मिनिट. उजवीकडून सेरेझो जोरात पुढे धावला आणि त्याच्या मागे इटलीचे बचावपटू ओढले गेले. त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत फाल्काओने चेंडू आत घेतला आणि डाव्या पायाने फटका मारला. दिनो झोफसारखा गोलरक्षकही त्यापुढे हतबल ठरला. गळ्याच्या शिरा ताणलेला, दोन्ही हात पसरून धावणारा फाल्काओ त्या स्पर्धेच्या प्रत्येक चित्रफितीत दिसतो. गोलफलक २-२ झाला. उपांत्य फेरी गाठायला ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती, कारण त्यांच्याच गटातल्या अर्जेंटिनाला ब्राझीलने ३-१ आणि इटलीने २-१ असं हरवलं होतं. उरली होती बावीस मिनिटं.

ब्राझीलचा प्रशिक्षक टेले सान्ताना याने त्या क्षणी एक बदल केला. आघाडीच्या सर्जिन्योला बाहेर घेऊन त्याने पाउलो इझिदोरो हा मधल्या फळीतला खेळाडू आत पाठवला. कागदावर बदल सावध होता. तरी संघ मागे सरकून दार लावून बसला नाही. चेंडू मिळाला की पुढे जायचं, ही दोन वर्षं अंगात मुरलेली सवय बरोबरीच्या हिशेबासाठी बदलली नाही. ७४व्या मिनिटाला इटलीला कॉर्नर मिळाला. चेंडू अर्धवटच बाहेर निघाला, तार्देल्लीने तो परत गोलकडे मारला आणि वाटेत उभ्या असलेल्या पाओलो रोसीने त्याला आत वळवलं. त्या दिवसातला तो रोसीचा तिसरा गोल. शेवटच्या काही क्षणांत ऑस्करने डोक्याने मारलेला चेंडू झोफने अगदी गोलरेषेवर दाबून धरला. ब्राझील ३-२ हरला आणि स्पर्धेबाहेर पडला.

जुलैच्या त्या दुपारनंतर टेले सान्तानाची जगभर एक प्रतिमा तयार झाली: सुंदर खेळण्याच्या नादात जिंकायचं विसरलेला स्वप्नाळू माणूस. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच ती जास्त पसरवली. मला ती मान्य नाही. टेलेइतका काटेकोर, कष्टाळू आणि हट्टी प्रशिक्षक ब्राझीलने क्वचितच पाहिला असेल. त्याला जिंकायचं होतं, फार जिंकायचं होतं. फक्त कसं जिंकायचं याबद्दलच्या त्याच्या अटी पक्क्या होत्या. आपल्याकडे राजकारणात ज्याला साधनशुचिता म्हणत आले, ती या माणसाने चामड्याच्या चेंडूबाबत पाळली. ती पाळताना किती राबावं लागतं हे पाहिलं, की स्वप्नाळूपणाची कथा टिकत नाही.

टेलेचा जन्म २६ जुलै १९३१चा, मिनास जेराइस राज्यातल्या इटाबिरितोचा. लोहखनिजाचा हा डोंगराळ मुलूख. इथली माणसं कमी बोलणारी, काटकसरी आणि हट्टी, असा त्यांचा ब्राझीलभर लौकिक आहे. टेले त्या लौकिकाला पुरेपूर उतरला. रिओच्या फ्लुमिनेन्से क्लबमध्ये तो उजव्या बगलेला खेळायचा. अंगाने इतका किडकिडीत, की एका वृत्तपत्राने त्याला टोपणनाव देण्यासाठी वाचकांची स्पर्धा लावली आणि 'आशेचा धागा' हे नाव त्याला कायमचं चिकटलं. पन्नासच्या दशकात विंगरने रेषेला चिकटून उभं राहावं आणि चेंडू येण्याची वाट पाहावी, असा रिवाज होता. टेले तसा उभा राहत नसे. तो मधल्या फळीत उतरायचा, चेंडू हिसकावायचा, पुन्हा पुढे जायचा. फ्लुमिनेन्सेसाठी तो साडेपाचशेहून अधिक सामने खेळला. ब्राझीलच्या मुख्य संघात मात्र त्याला जागा मिळाली नाही. त्या काळात उजवी बगल जुलिन्यो आणि गारिंचा यांची होती, यापलीकडे कारण शोधायला नको.

प्रशिक्षक म्हणून त्याचं नाव झालं ते १९७१ साली, बेलो होरिझोन्तेच्या ॲटलेटिको मिनेइरोला त्याने पहिलं ब्राझिलियन राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलं तेव्हा. १९७७मध्ये पोर्तो आलेग्रेच्या ग्रेमिओला त्याने राज्याचं विजेतेपद मिळवून दिलं. त्याआधी सलग आठ वर्षं ते प्रतिस्पर्धी इंटरनासिओनालकडे होतं. म्हणजे १९८०मध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रं हाती आली तेव्हा हा गृहस्थ जिंकण्याशी चांगला परिचित होता.

त्याच्या हाती आलेलं ब्राझिलियन फुटबॉल मात्र गोंधळलेलं होतं. १९७०चा विश्वचषक पेलेच्या संघाने जिंकला त्याचा लष्करी राजवटीने मनसोक्त वापर करून घेतला. पुढच्या दशकात त्याच राजवटीच्या वळणाने फुटबॉलही चालू लागलं. युरोपीय संघ ताकदीने आणि धावण्याने पुढे गेले आहेत, आपणही छाती, मांड्या आणि दमसास वाढवले पाहिजेत, असा विचार रूढ झाला. १९७४मध्ये हॉलंडविरुद्ध ब्राझीलचे खेळाडू लाथाळीवर उतरले, एकाला मैदानाबाहेर काढलं गेलं आणि सामना २-० गेला. १९७८च्या संघाचा प्रशिक्षक क्लाउदिओ कोतिन्यो हा शारीरिक शिक्षणात तयार झालेला सैन्यातला कॅप्टन होता. तो अभ्यासू माणूस होता आणि त्याचा संघ अर्जेंटिनात एकही सामना हरला नाही. पण घरी परतलेल्या त्या संघावर कुणी जीव ओवाळून टाकला नाही.

टेलेने आल्याबरोबर क्रांतीची भाषा केली नाही. त्याने चांगले खेळाडू निवडले आणि त्यांना एकमेकांशेजारी उभं केलं. ऐकायला हे सोपं वाटतं. पण झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ आणि टोनिन्यो सेरेझो हे चौघंही मधल्या फळीचे खेळाडू. एकाला बाकावर बसवून शिस्तीत एक विंगर खेळवावा, हा सरळ मार्ग होता. टेलेने चौघांनाही खेळवलं आणि उजवी बगल मोकळी ठेवली. त्या मोकळ्या जागेत कधी सॉक्रेटिस सरके, कधी झिको, कधी सेरेझो, तर कधी मागून बचावपटू लिआंद्रो धावत येई. साऱ्या देशाने यावर डोकं धरलं. जो सोआरेस या लोकप्रिय विनोदी नटाने दूरदर्शनवर एक पात्रच उभं केलं. हा सामान्य प्रेक्षक सार्वजनिक फोनवरून टेलेला विनवायचा, की बाबा रे, विंगर लाव. ते वाक्य देशभर लोकांच्या तोंडी बसलं. स्वतः विंगर असून पंचवीस वर्षांपूर्वी रेषा सोडून आत येणारा माणूस आता बगल रिकामी ठेवून ती सगळ्यांना वापरू देत होता. मला त्याच्या विचारातलं हे सातत्य फार मोलाचं वाटतं.

मे १९८१मध्ये हा संघ युरोपात गेला. वेम्बलीवर इंग्लंडला १-०, पॅरिसमध्ये फ्रान्सला ३-१ आणि स्टुटगार्टमध्ये पश्चिम जर्मनीला २-१ असं त्याने एकाच दौऱ्यात हरवलं. घरच्या मैदानावरच्या तीन बलाढ्य संघांना दोन आठवड्यांच्या आत नमवणारा हा दौरा फारसा कुणाला आठवत नाही. टेलेचा संघ केवळ नक्षीकाम करणारा होता असं म्हणणाऱ्याने तरी तो आठवावा.

मग स्पेनमधला विश्वचषक. पहिल्याच सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध गोलरक्षक वाल्दिर पेरेसच्या हातून चेंडू निसटला आणि ब्राझील मागे पडला. ७५व्या मिनिटाला सॉक्रेटिसने दोन बचावपटूंना हुलकावणी देऊन लांबून बरोबरी साधली. सामना संपायला दोन मिनिटं असताना उजवीकडून एक पास आला. फाल्काओने चेंडूला पायच लावला नाही, तो दोन पायांमधून जाऊ दिला. मागे उभ्या एडेरने डाव्या पायाने तो हलकेच वर उचलला आणि जमिनीवर टेकायच्या आत जाळ्यात धाडला. गोलरक्षक दासायेव जागचा हललादेखील नाही. स्कॉटलंडविरुद्ध पुन्हा आधी गोल खाल्ला, मग झिकोची फ्री किक वरच्या कोपऱ्यात बसली आणि एडेरने गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू अलगद टाकला. निकाल ४-१. न्यूझीलंडविरुद्ध ४-०, त्यात लिआंद्रोच्या क्रॉसवर हवेत झेपावून झिकोने मारलेला गोल. अर्जेंटिनाविरुद्ध ३-१. शेवटी वैतागलेल्या मारादोनाने एका ब्राझिलियनाला लाथ मारली आणि त्याला लाल कार्ड मिळालं.

या गोलांच्या चित्रफिती सुट्या सुट्या पाहिल्या तर ती व्यक्तिगत जादू वाटते. अख्खे सामने पाहावेत, म्हणजे एक वेगळी गोष्ट ध्यानात येते. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याला प्रत्येक वेळी दोन-तीन साथीदार जवळ उपलब्ध असतात. कुणीतरी सतत जागा सोडत असतं, कुणीतरी ती भरत असतं. फाल्काओने चेंडू पायांमधून सोडला, कारण मागे एडेर असणार हे त्याला ठाऊक होतं. ते उत्स्फूर्त दिसतं, पण त्याच्या मुळाशी सराव आहे. गवयाची तान मैफलीत क्षणात सुचल्यासारखी वाटावी आणि तिच्यामागे वर्षानुवर्षांचा पहाटेचा रियाज असावा, तसं. टेलेच्या हाताखाली खेळलेल्यांच्या आठवणी एका बाबतीत जुळतात: तो तासन् तास साध्या गोष्टी करून घ्यायचा. पास, क्रॉस, चेंडू थांबवणं. राष्ट्रीय संघातला नामवंत खेळाडू असला तरी सुटका नसे.

सारियावरच्या पराभवाबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. इटलीचा संघ सुरेख खेळला. बेआर्झोत हा त्यांचा प्रशिक्षक, बचावात शिरेआसारखा देखणा खेळाडू, बगलेला कॉन्ती, मध्ये अंतोन्योनी. त्यांचा चौथा गोल ऑफसाइड ठरवून रद्द झाला, तो निर्णयही वादग्रस्तच होता. सट्टेबाजीच्या प्रकरणात दोन वर्षांची बंदी भोगून आलेल्या रोसीने त्याआधी स्पर्धेत एकही गोल केला नव्हता आणि त्या दुपारी तीन केले. जेंतिलेने झिकोला इतकं घट्ट धरलं की त्याचा शर्ट फाटला, हेही खरं. पण केवळ दंडेलीने सौंदर्याचा पराभव केला, ही मांडणी इटलीवर अन्याय करते. ब्राझीलच्या चुका ब्राझीलच्याच होत्या. दुसऱ्या गोलच्या आधी सेरेझोने स्वतःच्या अर्ध्या मैदानात आडवा, ढिला पास दिला, रोसीने तो मधल्यामध्ये पळवला आणि शिक्षा तात्काळ केली. तिसऱ्या गोलच्या वेळी गोलपोस्टजवळ राहिलेल्या बचावपटू ज्युनियरमुळे रोसी ऑफसाइड झाला नाही.

दुसऱ्या दिवशी साओ पाउलोच्या 'जोर्नाल दा तार्दे' या वृत्तपत्राने पहिल्या पानावर एकच छायाचित्र छापलं. मैदानावर रडू दाबत उभा असलेला, पिवळा शर्ट घातलेला एक लहान मुलगा, आणि खाली फक्त गाव आणि तारीख. सामन्यानंतर टेले पत्रकार परिषदेला आला तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. हरलेल्या प्रशिक्षकाच्या वाट्याला असं फारसं येत नाही.

त्या टाळ्यांनी ब्राझीलच्या फुटबॉलचं पुढचं वळण रोखलं नाही. सुंदर खेळून हरण्यापेक्षा कुरूप खेळून जिंकावं, असं उघडपणे बोललं जाऊ लागलं. मधल्या फळीत चेंडू खेळवणाऱ्याच्या जागी चेंडू तोडणारे आले. १९९४मध्ये ब्राझीलने विश्वचषक जिंकला तो अशाच राखून खेळणाऱ्या संघाने, अंतिम सामन्यात एकही गोल न होता, पेनल्टींवर. गंमत अशी की कप्तान म्हणून त्या स्पर्धेला गेलेला राई हा टेलेचा सर्वांत लाडका शिष्य, सॉक्रेटिसचा धाकटा भाऊ. स्पर्धेच्या मध्यात त्याची संघातली जागाही गेली आणि कप्तानपदही.

पण टेलेची गोष्ट त्याआधी मेक्सिकोतल्या विश्वचषकातून जाते. मधली दोन वर्षं तो सौदी अरेबियात जेद्दाच्या अल-अहली क्लबमध्ये होता. १९८५च्या पात्रता सामन्यांसाठी त्याला परत बोलावलं गेलं. यावेळी त्याच्या अटींची दुसरी बाजू दिसली. सराव शिबिरात रात्री उशिरा परतल्याबद्दल त्याने रेनातो गाउशो या त्या वेळच्या सर्वांत धारदार विंगरला संघातून काढलं. मित्राच्या बाजूने उभं राहून लिआंद्रोने ऐन निघायच्या वेळी मेक्सिकोला जायला नकार दिला. शिस्तीच्या एका निर्णयात टेलेने दोन मोठे खेळाडू गमावले. ज्याला जग हळवा समजतं त्याचा हा निर्णय आहे. माझ्या मते तो चुकीचा होता. रेनातोला दंड करून खेळवता आलं असतं. पण टेलेच्या लेखी मैदानाबाहेरचं वागणं आणि मैदानातला खेळ हे वेगवेगळे कप्पे नव्हते. निकराची धसमुसळी खेळी करणारा खेळाडू त्याला जेवढा खपत नसे, तेवढाच सराव चुकवणाराही.

तो विश्वचषक आपल्याकडे दूरदर्शनवर दिसला. ग्वादालाहारामधली २१ जूनची भरदुपार म्हणजे आपली मध्यरात्र. फ्रान्सविरुद्ध कारेकाने गोल केला, प्लातिनीने बरोबरी साधली. दुखऱ्या गुडघ्यासह बदली म्हणून आलेल्या झिकोची पेनल्टी गोलरक्षक बात्सने अडवली. जादा वेळही बरोबरीत गेला. मग पेनल्टींच्या फेरीत सॉक्रेटिस चुकला, ज्युलिओ सेझारचा फटका खांबावर आपटला आणि प्लातिनीने चेंडू आडव्या दांड्यावरून मारूनही फ्रान्स ४-३ जिंकलं. पाच सामन्यांत त्या ब्राझीलने एकच गोल खाल्ला होता. महाराष्ट्रात रात्री जागून हे पाहणारी एक पिढी आहे. त्या स्पर्धेत मारादोनाने बहुतेकांना आपलंसं केलं. कोल्हापुरात विश्वचषक आला की आजही पेठांमधून अर्जेंटिना आणि ब्राझील असे दोन तट पडतात. त्यातल्या ब्राझीलच्या बाजूला जे वयस्क चाहते आहेत, त्यांच्या निष्ठेत झिको आणि सॉक्रेटिसचा वाटा मोठा आहे.

दोन विश्वचषक गेले आणि टेले पांढऱ्या पायाचा ठरला. १९८७मध्ये ॲटलेटिको मिनेइरोला घेऊन तो राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत अपराजित राहिला आणि तिथे फ्लामेंगोकडून हरला. फ्लामेंगोतर्फे गोल करणाऱ्यांत झिको होता आणि निर्णायक गोल करणारा होता रेनातो गाउशो. टेलेला शकुन-अपशकुनाची ही चर्चा झोंबत असणार, पण आपल्या कामाची रीत त्याने बदलली नाही.

१९९०च्या ऑक्टोबरमध्ये तो साओ पाउलो क्लबमध्ये आला. वय ५९. क्लबच्या बारा फुंदातल्या सराव केंद्रातच एका खोलीत तो राहू लागला. मैदानातलं गवत नीट कापलं आहे का, तण वाढलं आहे का, हे तो जातीने पाही. वाकून स्वतः तण उपटणाऱ्या टेलेच्या आठवणी अनेक खेळाडूंनी सांगितल्या आहेत. यात लहरीपणा नव्हता. गवत उंचसखल असेल तर चेंडू उसळतो आणि चेंडू उसळला की छोटे पास चुकतात. ज्याला चेंडू जमिनीवरून खेळायचा आहे त्याने आधी जमीन सांभाळली पाहिजे. काफू नावाच्या अफाट धावणाऱ्या तरुणाला तो सराव संपल्यावर थांबवून घेई आणि पुन्हा पुन्हा क्रॉस मारायला लावी. धावणं त्याला येत होतं, धावून पोचल्यावर काय करायचं ते टेलेने शिकवलं. हाच काफू २००२मध्ये ब्राझीलचा कप्तान म्हणून विश्वचषक उंचावणार होता.

१९९१मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद. १९९२मध्ये मार्सेलो बिएल्साच्या नेवेल्स ओल्ड बॉइजला पेनल्टींवर हरवून दक्षिण अमेरिकेचा लिबेर्तादोरेस चषक. त्याच डिसेंबरात आंतरखंडीय चषकासाठी टोकियोला योहान क्रायफच्या बार्सिलोनाशी गाठ पडली. त्या संघात तरुण पेप ग्वार्दिओला मध्ये खेळत होता. बार्सिलोनाच्या स्टॉइचकोव्हने सुरुवातीलाच गोल केला, राईने बरोबरी साधली आणि सामना संपत आला असताना त्यानेच फ्री किकवर दुसरा गोल करून २-१ केलं. सुंदर खेळावर श्रद्धा असलेले दोन प्रशिक्षक समोरासमोर होते आणि दोघांच्याही संघांनी हात आखडता घेतला नाही. फुटबॉलवर प्रेम असलेल्या कुणीही हा सामना शोधून पूर्ण पाहावा.

पुढच्या वर्षी लिबेर्तादोरेस पुन्हा साओ पाउलोकडेच राहिला आणि १२ डिसेंबर १९९३ला टोकियोत समोर आला फाबिओ कापेल्लोचा मिलान. बारेसी, मालदिनी, कोस्ताकुर्ता यांची बचावफळी असलेला हा संघ त्या काळी युरोपातला सर्वांत अभेद्य मानला जाई. टेलेच्या मधल्या फळीत त्या दिवशी ३८ वर्षांचा टोनिन्यो सेरेझो होता. सारियावर तो ढिला पास देणारा सेरेझो. त्यानंतर तो नऊ वर्षं इटलीत राहिला, रोमाकडून आणि मग साम्पदोरियाकडून खेळला, साम्पदोरियाबरोबर इटलीचं अजिंक्यपदही त्याने जिंकलं. म्हातारपणी त्याला साओ पाउलोने परत आणलं आणि टेलेने त्याला थेट मुख्य संघात घेतलं. सामना १-१ असताना सेरेझोने गोल केला. मिलानने पुन्हा बरोबरी साधली. ८६व्या मिनिटाला सेरेझोनेच बचावाच्या डोक्यावरून पुढे टाकलेला चेंडू त्याचा साथीदार म्युलरच्या टाचेला लागून जाळ्यात गेला. मिलानच्या गोलरक्षकाचं आडनाव रोसी होतं. ३-२. अकरा वर्षांपूर्वीचाच आकडा, आणि या वेळी सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू सेरेझो.

त्या चुकीच्या पासनंतर सेरेझोला ब्राझीलमध्ये अनेकांनी माफ केलं नव्हतं. टेलेने त्याला दोष दिला नाही, आणि अकरा वर्षांनंतर त्याच्याच पायांवर भरवसा ठेवून जगातल्या सर्वांत कडक बचावासमोर त्याला उभं केलं. प्रशिक्षक म्हणून टेलेचं मोठेपण मला चषकांच्या यादीपेक्षा या एका निवडीत जास्त दिसतं. चूक करू नका असं सांगणारे प्रशिक्षक पुष्कळ असतात. चेंडू मागायचं धाडस करणाऱ्याच्या हातून चूक होणार, हे पत्करून संघ बांधणारे फार थोडे.

१९९४मध्ये लिबेर्तादोरेसचा सलग तिसरा अंतिम सामना साओ पाउलो पेनल्टींवर हरला. जानेवारी १९९६मध्ये टेलेच्या मेंदूचा रक्तपुरवठा बिघडला आणि त्याचं काम थांबलं ते कायमचंच. दहा वर्षं आजारपणात काढून २१ एप्रिल २००६ला बेलो होरिझोन्तेमध्ये त्याचं निधन झालं. सारिया मैदान त्याच्या आधीच, १९९७मध्ये पाडलं गेलं होतं.

टेले आजारी पडला तेव्हा संघ हाती घेतला तो त्याचा सहायक मुरिसी रामाल्योने. हा मुरिसी पुढे साओ पाउलोत परत आला आणि २००६, २००७ आणि २००८ अशी सलग तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं त्याने जिंकली. त्यातलं पहिलं टेलेच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच. त्याचे संघ टेलेसारखे खेळत नसत. उंच क्रॉस, हेडर आणि घट्ट बचाव यांवर त्यांची भिस्त असे. त्यावर टीकाही भरपूर झाली. पण मुरिसी आयुष्यभर टेलेलाच गुरू मानत आला. आमच्याकडे काम चालतं, अशा अर्थाचं त्याचं एक वाक्य साओ पाउलोच्या प्रेक्षकांनी घोषणेसारखं उचललं होतं. शिष्याने गुरूची शैली सोडली आणि पहाटेपासूनचं राबणं तेवढं घेतलं, यावर साओ पाउलोचे जुने चाहते अजून भांडतात. मी त्या भांडणात टेलेच्या बाजूने आहे. पण मुरिसीने बारा फुंदात रोज काय पाहिलं असेल, तेही मला दिसतं.